न धुतलेला पडदा

१

महाकालाची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं माधव नगरात जाऊन विचारावं. विचारायला आता तिथं कोणी उरलं नाही, तो भाग वेगळा. मी तेव्हा सुहासच्या घराशेजारीच राहायची, भिंतीला भिंत लागून, आणि माझे कान किती लांब आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

सन छप्पन्न. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश व्हायला आठवडा उरला होता. कचेऱ्या भोपाळला निघालेल्या, ज्याला त्याला बदलीची तार यायची नाहीतर करायची. तारघरातल्या बाबूंची पार हालत झाली होती. सुहास त्यातलाच एक. अठ्ठावीस वर्षांचा, सरळ, आवाज न चढवणारा. रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी यायचा आणि दिवसभर झोपायचा. बायको प्रतिभा, धारची, लग्नाला सहा महिने झालेले.

त्या गुरुवारी संध्याकाळी पाचला प्रतिभा अक्कांच्या अंगणात येऊन उभी राहिली. डाव्या हातात एकही बांगडी नव्हती, मनगटावर ओरखडे होते.

अक्का म्हणजे दवाखान्यातल्या रिटायर नर्स. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली. घाबरलेल्या माणसाला आधी बसवायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची पद्धत.

"बस. पाणी पी. आता बोल."

"अक्का, रविवारी मला देवास गेटवरून धारच्या बसमध्ये बसवणार आहेत. ट्रंक भरून झालीसुद्धा. सासूबाई म्हणतात, बोलावणं येईल तेव्हा ये."

बोलावणं येणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

"झालं काय?"

"दुपारी ह्यांच्या शेजारी पडले होते. खिडकी लावलेली, खोलीत मिट्ट काळोख. डोळा लागला न लागला तोच कोणीतरी अंगाशी आलं. दोन्ही मनगटं धरली, लुगड्याला हात घातला. मी म्हटलं, अहो, नको. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, नको. जसं काही ऐकूच येत नव्हतं. हे असे नाहीत हो. मी नको म्हटलं की लगेच बाजूला होतात, वर माफी मागतात. मी ढकललं, बांगड्या फुटल्या, बाहेर पळाले. सगळे जमले, उजेड करून पाहतात तर हे पालथे पडून घोरतायत."

"उठवलं का?"

"उठवलं. म्हणाले, मी तर कूसही बदलली नाही. देवाची शपथ घेतली. मग त्यांनीच मला विचारलं, मी नव्हतो तर कोण होतं?"

"याआधी कधी असं?"

प्रतिभानं मान खाली घातली. "दोनदा. घटस्थापनेला एकदा, दसऱ्याला एकदा. तेव्हा वाटलं, हेच. मी संध्याकाळी रागावले तर ह्यांना काही माहीतच नव्हतं. वाटलं, लाजून नाही म्हणतायत. आता मलाच कळत नाही. हे म्हणतात घरात कोणी शिरतं. सासूबाई म्हणतात एकतर मी खोटं बोलते, नाहीतर मला काही बाधा आहे."

अक्कांनी तिचा उजवा हात उलटा करून पाहिला. तळवा निळा होता.

"हे कशाचं?"

"पडद्याचं असेल. साबणानं धुतलं, जात नाही."

"बरं झालं जात नाही ते," अक्का म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. "चल. तुमच्या घरात आणखी कोणाकोणाचे हात निळे आहेत ते बघू."

२

आता त्या घराची रचना ऐका, कारण सगळं त्यात आहे.

बाहेर ओसरी, मध्ये माजघर, माजघरातून आत नवराबायकोची खोली. खोलीला एकच दार, एकच खिडकी, खिडकीला लोखंडी गज. सुहासच्या आईचा, सुलभाबाईंचा नियम असा की दिवसा नवराबायकोच्या खोलीचं दार लावायचं नाही. चार लोक काय म्हणतील. म्हणून दाराला पडदा. जुना पडदा विरला होता, उजेडानं सुहासची झोप मोडायची, म्हणून सुलभाबाईंनी दिवाळीच्या आधी भैरवगढहून छापाचा नवीन आणला. गर्द निळा, जाड, जमिनीला लोळणारा. छपाईवाल्यानं दोनदा बजावलं होतं, माँजी, पहले नदी में धो लेना. पण सुलभाबाईंना धीर कुठला. गुरुवारी दुपारी बाराला, मुलगा आत झोपलेला असतानाच, न धुता तो दाराला लावला.

सुलभाबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. दिसायला देखणी बाई. त्यांच्यासारखं श्रीखंड गल्लीत कोणाला जमत नसे. स्वभावानं थोड्या कडक. थोड्याच.

अक्का आल्या तेव्हा घरात पाच माणसं होती. सुहास खाटेवर डोकं धरून बसलेला. सुलभाबाई, हाताची दहाही बोटं निळी, कारण पडदा त्यांनीच लावला आणि आरडाओरडा झाल्यावर उजेड यावा म्हणून त्यांनीच ओढून काढला. श्रीकांत, सुलभाबाईंचा भाचा, बावीस-तेवीसचा, वकिलीचा अभ्यास करणारा, ओसरीवर राहायचा. घरमालक तात्या, पन्नाशीचे, बायको वारलेली, रोज दुपारी भांग वाटायला सुलभाबाईंचा पाटा-वरवंटा, त्यांच्या भाषेत सिलबट्टा, मागायला येणारे. आणि प्रतिभा.

"तात्या, आज सिलबट्टा घ्यायला कधी आलात?"

"दोन-सव्वादोन. पर अक्का, मैं तो माजघरातूनच परत गेलो. भोलेनाथाची शपथ."

"माजघरात कोणी होतं?"

"सुलभाबाई होत्या ना. झोपलेल्या."

"मी झोपले नव्हते," सुलभाबाई म्हणाल्या. "माझा डोळासुद्धा लागला नाही. माझ्या समोरून मुंगी आत गेली नाही."

"बाई, तुमचं घोरणं विहिरीपर्यंत येत होतं," तात्या म्हणाले.

अक्कांनी माजघरात नजर फिरवली. सुलभाबाईंचं अंथरूण तसंच होतं, खोलीच्या दाराला बरोबर आडवं.

"इथं का झोपता?"

"वारा लागतो."

अक्कांनी उंबऱ्यावर हात धरून पाहिला. खिडकी नाही, झरोका नाही, वारा तर नावाला नव्हता.

मग श्रीकांत. "तू कुठं होतास?"

"ओसरीवर. वाचत होतो."

"हात दाखव."

श्रीकांतनं हात पुढं केला आणि सुहास खाटेवरून ताडकन उठला. श्रीकांतचा अंगठा आणि दोन बोटं निळी होती. आयुष्यात आवाज न चढवलेल्या सुहासनं त्याची कॉलर धरली.

"माझ्याच घरात जेवून," तो म्हणाला.

३

"सोड त्याला," अक्का म्हणाल्या. "प्रतिभा, लिंबू आणि मीठ आण."

अक्कांनी श्रीकांतची बोटं चोळली, वर पाणी ओतलं. निळा रंग ओघळून गेला, खाली पांढरी बोटं.

"ही शाई. पेन गळतं याचं." मग प्रतिभाचा तळवा घेतला. तेच लिंबू, तेच मीठ. जेवढा निळा होता तेवढाच राहिला. "आणि हा भैरवगढचा रंग. दोन दिवस हलणार नाही."

श्रीकांतनं कॉलर नीट केली. "दादा, मी वहिनींना आईच्या जागी मानतो. तू मला एकदा विचारायचं तरी."

सुहास पुन्हा खाटेवर जाऊन बसला.

"तात्या, इकडे या," अक्का म्हणाल्या. पडदा पुन्हा दाराला लावला होता. "याला हात न लावता आत जाऊन दाखवा."

"ये कौनसी बड़ी बात है," म्हणून तात्या वाकले, तिरके झाले, पोट आत घेतलं, सिलबट्ट्याच्या दगडानं पडद्याची कड बाजूला सारली आणि सुळकन आत गेले. बाहेर आले तेव्हा टक्कल निळं, खांदा निळा, बंडीवर जटा पसराव्यात तसा डाग. पुढे दोन दिवस ते टोपी घालून हिंडत होते. विचारलं तर म्हणायचे, सर्दी झालीय.

"म्हणजे बघा," अक्का माजघरात पाट घेऊन बसल्या. "बारानंतर या पडद्यातून जो गेला त्याला रंग लागलाच पाहिजे. आत येताना लागला पाहिजे, बाहेर जाताना लागला पाहिजे. श्रीकांतला नाही. तात्या आत्ता रंगले, त्याआधी कोरे होते. गल्लीतला कोणी चोर आला म्हणावा तर पोरगी ओरडताच सगळी गल्ली अंगणात होती, निळा माणूस कोणाला दिसला नाही. खिडकीला गज. मग आत कोण गेलं? कोणी नाही."

"मग ही खोटं बोलते," सुलभाबाई म्हणाल्या.

"हिच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. स्वतःचे दोन्ही हात एकदम स्वतःला धरता येतात का, धरून दाखवा."



"खोलीत दोनच माणसं होती," अक्का म्हणाल्या. "एक ही. दुसरा तू, सुहास."

सुहास पांढरा पडला. "म्हणजे मी शपथ खोटी घेतली?"

"नाही. तू खरं बोलतोस. हीपण खरं बोलते. तीच तर गोम आहे." अक्का सुलभाबाईंकडे वळल्या. "बाई, एकच विचारते. चोर बाहेरून आत येऊ नये म्हणून माणूस बाहेरच्या दाराशी झोपतो. तुम्ही आतल्या दाराला आडवं का झोपता? आतून बाहेर कोण जाऊ नये म्हणून?"

सुलभाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला.

४

त्या रात्री प्रतिभा अक्कांकडे झोपली. शुक्रवारी सकाळी अक्कांनी श्रीकांतला बोलावलं. तारघरात सुहासचा डबा सायकलवर तोच पोचवायचा.

"एरवी एक डबा जातो. दोन डबे कधी न्यावे लागले?"

श्रीकांतनं बोटं मोजली. "सर्वपित्रीला. खीर सांडली होती म्हणून लक्षात आहे. नंतर नवमीला. आणि या बुधवारी. डबल ड्यूटी होती, दादा अठरा-अठरा तास तिथंच."

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना. नवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा. बुधवारनंतर गुरुवार. अक्कांनी फक्त मान हलवली.

"आणि आज?"

"आजपण डबल आहे. भोपाळच्या तारा तुंबल्यात."

अक्का सुहासला गाठायला स्वतः तारघराच्या फाटकापर्यंत गेल्या. "उद्या सकाळी घरी आलास की नेहमीसारखा झोप. शेजारी मी एक लोड ठेवणार आहे. विचारू नकोस. उठल्यावर बोलू."

"माझ्याकडून तसं झालं असेल तर मी जगू कसा, अक्का?"

"आधी झोप तर. जगायचं नंतर बघू."

शनिवारी सुहास नऊला आला आणि पडल्या पडल्या मेल्यासारखा झोपला. अक्कांनी दाराचा पडदा काढला, तो लोडाला गुंडाळून सुतळीनं बांधला आणि लोड त्याच्या शेजारी ठेवला. दाराला जुना पडदा. त्याच्या फटीतून अक्का, प्रतिभा आणि सुलभाबाई अशा तिघी पाहत होत्या. बारा वाजले, एक वाजला. सुलभाबाई म्हणाल्या, बघा, काही नाही. अक्का म्हणाल्या, गप्प.

दीडला सुहास वळला. डोळे अर्धवट उघडे, पण त्यात पाहणं नव्हतं. त्यानं लोड ओढला, दोन्ही हातांनी दाबून धरला, त्याला भिडला. प्रतिभानं तोंडावर पदर घेतला.

"सुहास," अक्का दारातून शांतपणे म्हणाल्या. उत्तर नाही. "सुहास, तारघरातून बोलावणं आलंय." नाही. दोनेक मिनिटं झटापट झाली, मग हात सुटले, तो पालथा झाला आणि घोरायला लागला.

"असे," प्रतिभा हळूच म्हणाली. "अगदी असेच."

पाचला तो आपोआप उठला. अक्का खाटेशेजारी बसून होत्या.

"झोप लागली?"

"दगडासारखी. कूसही बदलली नाही."

"हात बघ."

त्यानं हात पाहिले. दोन्ही तळवे निळे. छाती निळी. एक गाल निळा. तो पाहत राहिला, पंच्यावर हात पुसत राहिला, आणि रंग जात नव्हता.

५

तेव्हा सुलभाबाई बोलल्या. भिंतीकडे तोंड करून.

"सात वर्षांचा होता तेव्हा झोपेत उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसला होता. एकदा देवघरातले सगळे पेढे खाल्ले आणि सकाळी म्हणतो कोणी खाल्ले. तेव्हापासून मी दाराला आडवी झोपते. सोळाव्या वर्षी थांबलं. लग्न ठरवताना मी सांगितलं नाही. मोडलं असतं."

"आणि गुरुवारी?" अक्कांनी विचारलं.

"गुरुवारी हिनं सांगितलं तेव्हाच मला शंका आली."

"तरी ट्रंक भरलीत."



अक्कांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. संध्याकाळी ते आले, सुहासला तपासलं आणि चहा पीत सरळ सांगितलं. ही बाधा नाही, वेड नाही, मनात दडलेली वाईट इच्छापण नाही. कोणी झोपेत चालतं, कोणी बोलतं, कोणी खातं. तसंच कोणाचं शरीर झोपेत हेही करतं, आणि माणूस स्वतः तिथं नसतो. लहानपणी झोपेत चालणाऱ्यांत जास्त दिसतं. झोप तुटली, थकवा साठला, डोक्याला घोर लागला की उसळतं. दारू आणि भांगेनं वाढतं.

तात्या ओसरीवरून म्हणाले, "भांगेनं तर शांत झोप लागते, डॉक्टरसाब."

"तुम्हाला लागते. याला देऊ नका."

मग उपाय. डबल ड्यूटी बंद, डॉक्टर चिठ्ठी देतील. झोपायची वेळ ठरलेली, रोज तीच. खाटा वेगळ्या, आणि दिवसा तो झोपेल तेव्हा खोली वेगळी. तसं झालं तर हलवायचं नाही, झटायचं नाही, नाव घेऊन दुरून बोलायचं आणि निघून जायचं. कमी झालं नाही तर औषध बघू.

सुहासनं इतका वेळ मान वर केली नव्हती. "डॉक्टर, दोष कोणाचा?"

डॉक्टरांच्या आधी अक्काच बोलल्या. "माहीत नव्हतं तोवर झोपेचा. आज कळलं. यापुढं काळजी घेतली नाहीस तर तुझा."

"प्रतिभा," सुहास म्हणाला, "तुला जे वाटेल ते. धारला राहायचं असेल तर मी स्वतः तुझ्या वडिलांना खरं काय ते सांगेन. तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

प्रतिभा बराच वेळ बांगड्या नसलेलं मनगट चोळत होती.

"उद्याच्या बसनं मी जाणार," ती म्हणाली. "पाठवताय म्हणून नाही. दिवाळी आहे म्हणून. पंधरा दिवस राहीन. तोवर या खोलीच्या दाराला नवी कडी बसवा. कडी माझ्या बाजूनं, बाहेरून, लागली पाहिजे, दिवसापण. चार लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. कडीला घुंगरू बांधा, म्हणजे हे उठले तर मला कळेल. आणि आईंनी आता दाराला आडवं झोपायचं नाही. ते माझं मी बघेन."

रविवारी देवास गेटवर ट्रंक सुहासनं डोक्यावरून नेली, गालाला अजून निळा रंग. कंडक्टरनं विचारलं, क्यों भाई, होली अभी से? सुहास म्हणाला, हाँ, घर की है. प्रतिभा हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

सोळाव्या दिवशी ती परत आली. आधी कडी लावून पाहिली, मग चहा घेतला. पुढं दोन-चार वेळा कडीचं घुंगरू वाजलं, प्रत्येक वेळी मागच्या आठवड्यात सुहासची झोप कुठंतरी मोडलेली असायची. मग वर्षानुवर्षं वाजलंच नाही. तरी प्रतिभानं ते काढू दिलं नाही.

आता शपथ घेतली आहे तर सांगून टाकते, यातला एक तपशील मी बनवला. तात्यांचं टक्कल नाही, ते खरंच निळं झालं होतं. बनवलेली आहे ती शेजारीण. भिंतीला भिंत लागून कोणी राहत नव्हतं, त्या बाजूला रिकामा प्लॉट होता. ट्रंक मी भरली होती. प्रतिभाच्या साड्यांच्या घड्यांवर माझी बोटं निळी उठली होती, ती पुढं कितीतरी वर्षं तिला दिसत राहिली, आणि तिनं एकदाही त्या साड्या नेसायचं टाळलं नाही.

कडी सुताराच्या डोक्यावर उभी राहून मीच बसवून घेतली. तिच्या बाजूनं.

श्रीखंडाबद्दल जे सांगितलं ते मात्र खरं आहे.